कुलूप लावलं होतं का?

सायकल चोरीला गेली की पहिला प्रश्न चोराबद्दल येत नाही, कुलपाबद्दल येतो. ‘‘लावलं होतं का?’’ हो म्हटलं की, ‘‘कसलं?’’ तारेचं, असं सांगावं तर समोरचा असा हुंकार देतो, जणू सायकल मीच चोराच्या दारात नेऊन लावली. मग शिकवणी सुरू होते. तारेचं कुलूप कटरनं सहज तुटतं. यू आकाराचं पोलादी घ्यावं, आणि तेही फ्रेम आणि चाक दोन्ही खांबाशी जखडून; नुसतं पुढचं चाक बांधलं तर चोर तेवढं चाक ठेवतो आणि बाकीची सायकल नेतो. सगळं खरं आहे. पण कुणी गेलं की घरच्यांना कुणी पथ्यपाण्याची उलटतपासणी करत नाही, निदान पहिल्या दिवशी तरी.

तक्रार लिहून घेणाऱ्यानं फ्रेम नंबर मागितला. तो बहुतेक सायकलींवर पायडलांच्या मधल्या जोडाच्या बुडाशी ठोकलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, आणि बघायची गरज पडते तेव्हा उलटी करायला सायकल नसते. मी रंग सांगितला, मडगार्डचा खडखडाट सांगितला. रंग लिहून घेतला गेला.

त्यानंतर डोळ्यांना खोड लागली. उभी असलेली प्रत्येक सायकल संशयित. तसल्याच रंगाच्या एकीचं कॅरिअर वाकून न्याहाळत होतो, तेवढ्यात तिचा मालक आला. त्यानं मला जे समजायचं ते समजलं.

1965 साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली रस्त्यावर ठेवल्या होत्या. ज्याला लागेल त्यानं न्यावी, कुलूप नाही. पोलिसांनी त्या उचलल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणं नियमात बसत नव्हतं. चोरी होऊच शकत नाही अशी सायकलसुद्धा कुलपावरच अडली! मला त्या तरुणांबद्दल माया वाटते, पण माझी सायकल त्यांच्या पंथाची नव्हती.

शेवटी जुनी सायकल बघायला गेलो. चालवायला हलकी, ब्रेक घट्ट, किंमतही आश्चर्य वाटावं इतकी कमी. ‘‘जरा उलटी करता का?’’ म्हटलं. विकणाऱ्याला वाटलं, भाव पाडायला खोट शोधतोय. त्यानं कुरकुरत ती उलटी केली. नंबराच्या जागी कानसीनं घासल्याचे ताजे चरे होते. विचार करून कळवतो म्हणालो आणि पायीच निघालो.