ऑरलँडोच्या थीम पार्कमधून कलावंत कमी होत आहेत

फ्लोरिडातील ऑरलँडोला येणारी आपली मंडळी आधी राइडची यादी करतात. परंतु गुडघेदुखी, रक्तदाब किंवा निव्वळ भीती यांमुळे ज्यांना राइडमध्ये बसता येत नाही, त्यांचा दिवस तारून नेतात ते इथले नट, गायक आणि कसरतपटू. घरी येणाऱ्या ज्येष्ठ पाहुण्यांना मी याच प्रयोगांच्या भरवशावर पार्क दाखवत आलो आहे, त्यामुळे त्यांची होत गेलेली काटछाट मला अधिक खुपते.

याचे खापर सरसकट कोविडवर फोडले जाते, पण कात्री त्याआधीपासूनच चालली होती. डिस्ने वर्ल्डमधील अ‍ॅडव्हेंचरर्स क्लब, जिथे नट प्रेक्षकांत मिसळून उत्स्फूर्त विनोद करत, २००८ मध्ये बंद झाला. डिस्नेच्याच एपकॉट या पार्कमधील कॅनडा दालनातील ऑफ किल्टर हा बँड २०१४ मध्ये गेला. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कमधील सिंदबादचा स्टंट शो २०१८ मध्ये आटोपला. २०२० मध्ये डिस्नेने अमेरिकेतील २८,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांत कलावंतही मोठ्या संख्येने होते. डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज या पार्कच्या रस्त्यांवर जुन्या काळातील दिग्दर्शक, नटी किंवा पोलीस बनून फिरणारे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बोलता बोलता प्रसंगात ओढणारे नट त्यानंतर परतलेच नाहीत. डिस्नेच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटावर आधारित सुमारे चाळीस मिनिटांचा संगीतप्रयोग २०२२ मध्ये पंचवीस मिनिटांचा होऊन आला.

कारण हिशेबात आहे. राइडवर एकदा प्रचंड भांडवल घातले की पुढे ती मोजक्या माणसांवर चालते. प्रयोगाला मात्र रोजचे पगार, तालमी, वेशभूषा आणि बदली कलावंत लागतात. गंमत अशी की, हजारभर माणसे अर्धा तास वातानुकूलित सभागृहात बसवणारा प्रयोग बंद झाला की तीच माणसे राइडच्या रांगेत उभी राहतात, आणि पूर्वी डिस्नेमध्ये फुकट मिळणारी रांग टाळण्याची सोय २०२१ पासून पैसे मोजून घ्यावी लागते. यात कुणाचा डाव आहे असे मी म्हणणार नाही. पण कंपनीला प्रयोग परत आणण्याची घाई का नसावी, हे त्यावरून समजते.

२०२५ मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्स या पार्कमध्ये भव्य रंगमंचीय प्रयोग आहेत, आणि डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये २०१६ नंतर बंद पडलेली रात्रीची मिरवणूकही त्याच वर्षी नव्या रूपात सुरू झाली, हे मान्य करायला हवे. तथापि, हे सारे यंत्रसामग्री आणि रोषणाईच्या बळावर उभे आहे. तुमच्याशी थेट बोलणारा, तुमच्या उत्तरावर पुढचे वाक्य रचणारा कलावंत त्यातून परत आलेला नाही.

अपवाद म्हणून एपकॉटच्या अमेरिकन दालनातील ‘व्हॉइसेस ऑफ लिबर्टी’ हा गायकवृंद जरूर ऐकावा. घुमटाखाली अर्धवर्तुळात उभे राहून ते वाद्यांच्या साथीविना गातात आणि त्यांचे मिसळलेले स्वर वरून पुन्हा खाली उतरतात. माझ्या सासूबाईंना त्या गाण्यांतील शब्द फारसे कळले नाहीत, तरी पुढच्या कार्यक्रमासाठी त्या तिथेच बसून राहिल्या. वयस्कर माणसांना घेऊन येणाऱ्यांनी सकाळीच अ‍ॅपवर अशा कार्यक्रमांच्या वेळा पाहाव्यात आणि राइड त्यांच्या मधल्या वेळेत बसवाव्यात.