तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

काल गावात तान्हा पोळा झाला, म्हणजे लेकरांचा, लाकडी बैलांचा पोळा. आज अंगणवाडीत पोरं आली ती लाकडी बैल ओढत, खिशात बोजाऱ्याची, म्हणजे बैल घरोघरी नेल्यावर मिळालेली, चिल्लर खुळखुळवत. आठवड्याच्या वेळापत्रकात आज रंग ओळखणे होतं. मदतनीस बाई म्हणाल्या, "राहू द्या आज ते. बैलच रंगीत हायेत." मीही तेच म्हणणार होते.

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि पोळा पुन्हा भरवला. पहिला अर्धा तास कोणाचा बैल तोरणाखाली पुढे यावर भांडणात गेला. मी मध्ये पडले नाही. शेवटी पोरांनीच ठरवलं, ज्याच्या बैलाचं चाक मोडलं आहे तो पुढे, कारण त्याला वेळ लागतो. मोठ्यांच्या सभेत इतका शहाणपणा मी क्वचित पाहिला आहे. मग झूल बांधणं. चिंधीला गाठ मारायची म्हणजे अंगठा आणि दोन बोटं एकमेकांचं ऐकायला लागतात. ज्याला जमत नव्हतं तो रडला, मग दुसऱ्याकडून शिकला. नंतर झडत्या, म्हणजे पोळ्यात ओरडून म्हणायच्या ओळी. "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणताना एरवी नाव विचारलं तरी पायाकडे बघणारं पोट्टं सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतं.

दुपारी मूल्यमापनाचं रजिस्टर उघडलं. शारीरिक विकास, भाषा विकास, बौद्धिक, सामाजिक, भावनिक, सर्जनशील, सगळे रकाने वेगळे. आता झुलीची ती गाठ कुठे लिहू? हात म्हणून शारीरिकात, रडून पुन्हा बसला म्हणून भावनिकात, की शेजाऱ्याकडून शिकला म्हणून सामाजिकात? मी तिन्हीकडे टिक केली. पर्यवेक्षिका मॅडम विचारतील तेव्हा सांगेन.

हे रकाने कागदावर लागतातच, माझी तक्रार नाही. पण पोर रकान्यांनी वाढत नाही, हे मला त्या कोरकू पोरीनं जास्त दाखवलं. तिचे आईबाप मेळघाटातून आलेले. बापानं अक्षय्य तृतीयेपासून इथे सालदारकी धरली आहे. पोरगी चारेक वर्षांची. आली तेव्हा दंडाचा घेर मोजायची पट्टी पिवळ्यात, म्हणजे साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मधे. मॅम श्रेणी, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण. कागदावर तिचा प्रश्न सरळ होता, आहार. बचत गटाची गरम खिचडी, उसळ, सगळं ताटात होतं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला इथून रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. पण ती ताटात बोट फिरवायची आणि उठायची. ऑगस्टमध्ये जंतनाशकाची गोळी दिली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना आजार काही दिसला नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर महिन्याचं वजन भरलं की रेघ तिथल्या तिथेच.

मग मदतनीस बाईंनी, कोणाला न विचारता, तिला आपल्या नातीच्या शेजारी बसवायला सुरुवात केली. नात बडबडी. तिला समोरचीला मराठी कळतं की नाही याची फिकीर नाही, ती बोलतच राहते आणि बोलता बोलता आपल्या ताटातला घास तिच्या ताटात टाकते. आता पोरगी ताट पुसून खाते. वजन किती वाढलं ते पुढच्या वजनाच्या दिवशी दिसेल, पण काल बाईंना दुसरा डाव वाढावा लागला. बाईंनी बालमानसशास्त्राचं प्रशिक्षण घेतलेलं नाही, पाच लेकरं वाढवली आहेत.

आज तिनं बैलाचे पाय मोजले. कोरकूत. मला आकडे कळले नाहीत, पण एकेका आकड्याला बोट एकेका पायावर बरोबर पडत होतं. चौथ्या पायावर थांबली. पुढे मोजलं नाही. मोजणं तिला येतं. भाषाही येते, फक्त ती माझी भाषा नाही. भाषेच्या रकान्यात मागच्या महिन्यात "मदतीची गरज" लिहिलं होतं. तिथे आज "घरच्या भाषेत मोजते" असं लिहिलं, आणि मलाच पाचपर्यंत कोरकू शिकायचं आहे हे वेगळ्या वहीत.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं, २०२० च्या, तीन ते आठ हा एकच टप्पा धरला आहे, अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत. त्यावरचा २०२२ चा आराखडा पंचकोशाची, म्हणजे माणसाच्या शरीरापासून आनंदापर्यंतच्या पाच थरांची, भाषा बोलतो. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मागच्या रांगेत जांभया चालू होत्या. मला मात्र बरं वाटलं की पहिला अन्नमय आहे, अन्नावर पोसलेल्या शरीराचा. आणि आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९४५ मध्ये नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचा, विस्तार करताना शाळेआधीच्या लेकरांचं शिक्षणही त्यात घेतलं गेलं. म्हणजे नवं काही नाही. स्वच्छता, जेवण, हाताचं काम, गाणं हेच लहान लेकराचं शिक्षण, हे इथल्या मातीत कधीचं बोलून झालं आहे.

तरी संध्याकाळी एक बाप रस्त्यात भेटलाच. "मॅडम, पोट्टं तुमच्याकडे दोन साल झाले येऊन राह्यलं, अजून एबीसीडी नाही येत. कॉन्व्हेंटवाले तीन वर्षांच्या पोराकडून पानं भरून घेतात." गाडी गावात येते, टाय घातलेली पोरं दिसतात, त्याला वाटतं आपलं मागे पडतंय. कर्ज काढून फी भरायची त्याची तयारी आहे, आणि त्याची काळजी मला खोटी वाटत नाही. मी म्हटलं, मनगटात आठ हाडं असतात, जन्मताना ती सगळी मऊ कूर्चाच असते. एकेक करून वर्षानुवर्षं घट्ट होतात. कच्च्या बांधावर बैलगाडी घालता का तुम्ही? तो म्हणाला, "मग काय करायचं पोट्ट्यानं?" मी म्हटलं, कणीक मळायची, मणी ओवायचे, शेंगा सोलायच्या. तो हसला. "हे तं घरी बी करते." मी म्हटलं, मग करू द्या की, मोबाइल काढून घ्या आणि शेंगा द्या.

त्याला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. शुक्रवारी पालकसभा आहे. यंदा भाषण नाही. नाल्याची चिकण माती आणून ठेवायला बाईंना सांगितलं आहे. प्रत्येक आई-बापानं आपल्या लेकरासोबत एक बैल करायचा. बायका निंदणाला जातात म्हणून सभा संध्याकाळी सहाला ठेवली. त्या बापाला मुद्दाम निरोप धाडला आहे, आणि त्याच्या पोराला सांगून ठेवलं आहे की बाबांच्या बैलाचं शिंग तुटलं तर ओल्या बोटानं कसं जोडायचं ते तूच दाखव.