फ्लेक्सवर झेंडूचं तोरण: मशीन न अडकवता फुलं कशी वाढवायची

फोटोशॉपमध्ये दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ रिझोल्युशनला (इंचाला ७२ पिक्सेल) म्हणजे ८६४० बाय ५१८४ पिक्सेल. आरजीबीत (स्क्रीनचे तीन रंग) काठोकाठ भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, १२८ एमबी खातो, सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) १७१. कमी रॅमच्या मशीनवर फोटोशॉप इथेच धापा टाकायला लागतं.

म्हणून मी कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही शक्यतो टाळतो. कॉपी केलेला माल पेस्ट झाल्यावरही क्लिपबोर्डमध्ये, म्हणजे कॉपीच्या तात्पुरत्या जागेत, पडून राहतो. वर प्रेफरन्सेसमधलं 'एक्स्पोर्ट क्लिपबोर्ड' चालू असेल, तर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाताना सगळं थांबतं. लेयरची थेट नक्कल करणारं कंट्रोल-जे क्लिपबोर्डला हात लावत नाही. दुसऱ्या फाइलमधलं चित्र आणायचं असलं तर लेयर ओढून आणावा.

पण तोरणाला कंट्रोल-जे सुद्धा नको, चौतीस लेयर होतात. फूल आधी हव्या त्या मापाचं करून घ्यायचं, समजा २८८ पिक्सेल, आणि ते डाव्या कडेला ठेवायचं. लेयरच्या थंबनेलवर (यादीतल्या छोट्या चित्रावर) कंट्रोल धरून क्लिक केलं की फुलाचं सिलेक्शन येतं. आता कंट्रोल-ऑल्ट-टी, म्हणजे फुलाची नक्कल हलवायला तयार. वरच्या पट्टीत एक्सशेजारचा त्रिकोण दाबून (म्हणजे आकडा आताच्या जागेपासून मोजला जातो) २६० पिक्सेल टाका, एंटर. मग तेच पुन्हा करणारं कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-टी दाबत राहा. सिलेक्शन चालू असल्यामुळे प्रत्येक नवं फूल त्याच लेयरमध्ये बसतं, शेजारच्यावर जरासं चढून. सिलेक्शन सुटलं असेल तर मात्र दर वेळी नवा लेयर तयार होतो. 'हे काय झालं' असं म्हणायची पाळी बहुतेक इथेच येते. सावली शेवटी, पूर्ण रांगेला एकदाच लेयर स्टाइलने द्यावी.

यात तोटा एकच: फुलं एकमेकांत मिसळली की सुटी करता येत नाहीत. तेव्हा मूळ फूल वेगळ्या फाइलमध्ये जपावं.

शुभेच्छुकांच्या फोटोंभोवतीच्या गोल रिंगा ही वेगळी गोष्ट. गिऱ्हाईक रंग बदलायला सांगणार हे ठरलेलंच. तिथे रिंगेचं स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपणारा लेयर) करून मग कंट्रोल-जे. एकीवर डबल क्लिक करून रंग बदला, सेव्ह करा, सगळ्या बदलतात. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' घेतलं तर हे नातं तुटतं. मात्र यात मेमरी फार वाचते असं नाही. रिंगेचं मूळ चित्र फाइलमध्ये एकदाच राहतं, पण प्रत्येक लेयरचं स्वतःचं दिसणारं चित्र जागा घेतंच.

तोरणाचं शेवटचं फूल कॅन्व्हासबाहेर जातं. ते दिसत नसलं तरी फाइलमध्ये असतं. जागा पक्की झाली की कंट्रोल-ए करून इमेज मेनूतलं क्रॉप. एडिटमधलं मेमरी रिकामी करणारं पर्ज ऑल त्यानंतरच, कारण त्याने हिस्टरीही जाते आणि अंडू होत नाही. खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' लावून ठेवा. आकडा १०० च्या खाली उतरला की रॅम अपुरी पडून काम स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, गेलं.