वाइनच्या इमारतीला तळघर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी आर्किटेक्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या एका द्राक्ष बागायतदारासाठी आम्ही वाइन टेस्टिंगची छोटी इमारत केली, तेव्हापासून बेळगावात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतो: "पर्यावरणपूरक बांधकाम म्हणता आणि तळघर नाही? जमिनीखाली फुकटचा गारवा असताना मशीन कशाला बसवलंत?" विचारणारे निम्मे नाशिकच्या वायनऱ्या बघून आलेले असतात, उरलेले युरोपच्या सहलीचे फोटो काढून दाखवतात.

फोटोतलं तळघर खरंच गार असतं. पण ते जमिनीखाली आहे म्हणून नव्हे, फ्रान्समध्ये आहे म्हणून. तीन-चार मीटर खाली गेलं की मातीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. शॅम्पेन भागातल्या खडूच्या दगडात कोरलेल्या तळघरांत बारमाही 10 ते 12 अंश असतात, कारण तिथली सरासरीच तेवढी. अथणीची सरासरी 25-26 अंश. कितीही सुंदर तळघर खणलं तरी जमीन आपल्याला 25 अंशच देणार, आणि वाइन साठवायला हवेत 12 ते 15. मे महिन्याच्या 40 अंशांपुढे 25 म्हणजे स्वर्ग, हे मान्य. पण बाटलीला ते पुरत नाही. मशीन लावावंच लागतं.

मालकांचा मुद्दा मात्र फोटोवाल्यांपेक्षा पक्का होता. "आमच्या आज्ज्याच्या काळात पेवात जोंधळा राहायचा की ओ साहेब. मग वाइन का राहणार नाही?" पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. त्यात जोंधळा टिकायचा तो गारव्यानं नाही, कोंडलेल्या हवेनं. तोंड लिंपून बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. म्हणून तर पेव उघडल्यावर माणूस उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत होती. विझला तर थांबायचं. वाइनच्या तळघरातही तोच धोका आहे. द्राक्षरस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, आणि खोलगट जागेत तळाशी साचून राहतो. टाक्या तळघरात ठेवायच्या तर तो उपसणारे पंखे चोवीस तास हवेत. हे ऐकल्यावर मालकांनी पेवाचा विषय सोडला. त्यांच्या भावकीतल्या कुणाची तरी जुनी गोष्ट त्यांना आठवली असावी.

त्यात तिथली जमीन काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात भिंत उतरवायची तर ती बाजूनं रेटा देत राहते, बागेचं पाणी आत शोधत येतं, खाली काळा पाषाण लागला की ब्रेकर मागवा. एवढं सिमेंट-लोखंड जमिनीत गाडून त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग केलं काय? माणसांचा गारवा आणि वाइनचा गारवा वेगळा काढला. बाटल्यांसाठी ईशान्येच्या कोपऱ्यात पफ पॅनेलची (आत फोम भरलेल्या, उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांची) एक खोली, जेवढी लागते तेवढीच, आणि तिच्याभोवती दगडी भिंत. हे तंत्र इकडे नवं नाही, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमुळे प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. चिलर दिवसा चालतो, ऊन कडक असतं तेव्हाच छतावरचं सोलरही जास्तीत जास्त वीज देतं. शिवाय द्राक्षं रात्री तोडायची. पहाटे 18-20 अंशांचा घड आत आला तर दुपारच्या 35 अंशांच्या घडाएवढी वीज तो खाणार नाही. यात आर्किटेक्टचं कर्तृत्व काहीच नाही, पण सगळ्यात मोठी बचत तीच.

टेस्टिंगच्या हॉलला एसी नाही. पाहुणे येतात ते तोडणीच्या हंगामात, जानेवारी ते मार्च. तेव्हा हवा कोरडी आणि रात्री गार. जाड भिंती, वर वाऱ्यासाठी झरोके. रात्री उघडायचे, सकाळी नऊच्या आत बंद करायचे. हॉल कुठल्या अंगानं ठेवायचा हे मी नकाशावर ठरवलं नाही, मालकांच्या बेदाणा शेडकडं बघून ठरवलं. जाळीच्या रॅकवर दोनेक आठवड्यांत द्राक्ष सुकवायचं तर वाऱ्याची नस माहीत असावीच लागते. चुकीच्या तोंडाची शेड इकडे कुणी दुसऱ्यांदा बांधत नाही. अथणी, तासगाव, विजयपूर हा सगळा पट्टा या शेडांनी भरलेला आहे, पण वाऱ्याचं शास्त्र शिकवताना आमच्या कॉलेजात त्यांचा उल्लेखही नव्हता.

खरी हुज्जत झाली ती रंगावरून. मालकांच्या चिरंजीवांना आतून उघडा लाल चिरा (जांभा दगड) हवा होता, खानापूरकडच्या रिसॉर्टसारखा. मी एक ग्लास रेड वाइन घेतली आणि चिऱ्याच्या नमुन्यासमोर धरली. मग पांढऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर. लाल दगडापुढं सगळ्याच वाइन सारख्या गढूळ-तांबड्या दिसतात. पांढऱ्यापुढं कडेची ती जांभळी किंवा विटकरी झाक दिसते, जिच्यावरून वाइनचं वय कळतं. म्हणून आतून चुना, उजेड उत्तरेचा, आणि एकही रंगीत काच नाही. वासाचंही तसंच. शेणानं सारवलेली जमीन मला प्रिय आहे, पण ग्लासात नाक घालून वास घ्यायचा तिथे ती चालत नाही. पॉलिशचं लाकूडही नाही. खाली साधी शहाबादी फरशी. चुन्यात गूळ-हिरड्याचं पाणी घातलं होतं, त्याचा वास जाईपर्यंत मात्र उद्घाटन अडवून धरलं. चिरंजीव अजून माझ्यावर थोडे रुसलेलेच आहेत.

शिवाय चिरा अथणीला आणायचा म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर ट्रक. खानापुरात तोच दगड पायाखालचा आहे, तिथे जरूर वापरावा. पण तिथे दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, द्राक्षाचं काय होणार! अथणीत बांधायला काळा दगड आहे आणि तो घडवणारे गवंडीही अजून आहेत. खानापूरची कौलं तेवढी मागवली, तीही फुटकी-वाकडी चालतील म्हणून सांगून, स्लॅबच्या तळच्या भागात भरायला. तिथलं काँक्रीट तसंही फारसा भार घेत नाही, मग कौलं भरून तेवढं वाचवायचं. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात ही युक्ती रुजवली. माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा विचारही झाला होता. पण दरसाल पावसाआधी पांढरी माती घालून धुमस करणार कोण, या प्रश्नावर घरातले सगळे एकमेकांकडं बघू लागले.

पाण्याचं थोडक्यात. टाक्या, पाइप, फरशी धुण्यात एक लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी जातं. छत तीनशे चौरस मीटर, पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला, गळती-बाष्प वजा केलं तरी सव्वा लाख लिटरच्या पुढे पाणी उतरतं. ते साठवून हंगामात धुण्याला वापरतात. धुतलेलं पाणी आंबट आणि साखरेचं, तसंच ओढ्यात सोडलं तर ओढ्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. म्हणून आधी चुना घालून आंबटपणा मारायचा, मग वेतासारख्या गवताच्या वाफ्यातून फिरवून बांधावरच्या झाडांना.

तुमचीही अशी जागा असेल आणि मला दाखवायची असेल, तर बोलावताना जानेवारीतली प्रसन्न सकाळ निवडू नका. मे महिन्यात दुपारी तीनला बोलवा, आणि बेदाणा शेड ज्यांनी बांधली त्यांनाही थांबवून ठेवा.