पाच थर रचले, तीन पाडले

आज कॉलेजच्या वर्कशॉपात इंग्लिश बाँडची, म्हणजे विटा रचायच्या एका पद्धतीची, भिंत. एक थर हेडर (विटेचं टोक बाहेर), एक थर स्ट्रेचर (लांब बाजू बाहेर), मध्ये 10 मिमीचा सांधा. कोपऱ्यावरच्या हेडरनंतर क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट, आठवणीने लावली. पाचव्या थराला मी भलतीच खुशीत! सरांनी वरून ओळंबा सोडला, तर लोलक खाली भिंतीपासून बोटभर लांब. भिंत पुढे झुकलेली. मागच्या बाजूला सिमेंट-वाळूचा माल जास्त पडत होता. सर काहीच बोलले नाहीत, थापीच्या दांड्याने वरच्या तीन थरांवर टकटक केलं, बस्स. 1:6 चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) माल ओला होता, म्हणून विटा तरी वाचल्या.

दादरहून बाबांना फोन लावला. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, सांत्वनबिंत्वन काही नाही.
"विटा भिजवल्या होत्यास?"
नव्हत्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिते, मग माल धरणार कसा?
"मग उद्या आधी बादली भर."

लोकलमध्ये शेजारच्या मावशी माझ्या नखांतल्या सिमेंटकडे बघत होत्या. "मेंदी नीट नाही रंगली गं तुझी," म्हणाल्या 😄