चाबी या कुलपाची नव्हती

१० ऑगस्ट २०१८, शुक्रवार. सकाळचे पावणेबारा, बाहेर इंदूरचा तो चिकट पाऊस, आणि मी प्रोजेक्शन रूममधे सर्व्हरच्या स्क्रीनकडे बघत उभा. आमच्या पिक्चरच्या नावापुढे एक छोटंसं लाल कुलूप. खाली साठेक माणसं तिकीट काढून बसलेली. बाराचा शो.

ऑपरेटर चाचांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "भिया, ये चाबी इस ताले की नी है."

आता थोडं मागचं सांगतो नाहीतर काही कळणार नाही. मी तेव्हा यशवंत रोडवरच्या एका डिस्ट्रीब्यूटरच्या ऑफिसमधे बुकिंग बघायचो. मालक म्हणजे बाबांचे जुने मित्र, मी त्यांना काकाच म्हणायचो आणि ते मला चिरंजीव, ऑफिसातसुद्धा, पार्टीसमोरसुद्धा. आमची टेरिटरी सी.आय., म्हणजे सेंट्रल इंडिया, इंदूर-उज्जैन-रतलाम-भोपाळ हा पट्टा. या धंद्याची ऑफिसं इंदूरला, भुसावळला, अमरावतीला. भुसावळ ऐकून लोक हसतात पण रिळांच्या जमान्यात सगळं रेल्वेवर चालायचं, पत्र्याच्या पेट्या जंक्शनवरून चारी दिशांना सुटायच्या. काकांचं अर्धं आयुष्य त्या पेट्यांच्या मागे धावण्यात गेलं. ते म्हणायचे पेटी हरवली तर निदान कुठल्या स्टेशनवर हरवली ते तरी कळायचं.

तर काकांनी एक थाई पिक्चर घेतला. नाव लिहीत नाही, कारण मुंबईच्या ज्या पार्टीकडून घेतला ती अजून धंद्यात आहे. कोपरं-गुडघे मारायची ती थाई फायटिंग, दोरी नाही, कॉम्प्युटर नाही, हिरो खरोखर पायऱ्यांवरून गडगडतो. मुंबईवाल्यांनी तो एकटा घेतलाच नव्हता, पाच पिक्चरचं बंडल होतं, त्यांना हवा होता एक भुताचा आणि हा बरोबर आला, वांग्यांबरोबर कोथिंबीर येते तसा. मग पडून राहिला. वर्षभर. तोवर ज्या पोरांना बघायचा होता त्यांनी मोबाईलवर बघूनही टाकला.

काका चिडायचे, आपल्याकडेच असली भोंगळ कामं होतात म्हणून. मी म्हटलं काका, अमेरिकेतही हेच. जॅकी चॅनचा ड्रंकन मास्टर टू हाँगकाँगला १९९४ मधे लागला आणि अमेरिकेत २००० मधे. शाओलिन सॉकर २००१ चा, तिथल्या कंपनीने विकत घेऊन ठेवून दिला, कापला, २००४ मधे लावला. आणि जेट ली चा हिरो, २००२ चा, तोही त्याच कंपनीकडे तसाच पडून, शेवटी ऑगस्ट २००४ मधे लागला तर पहिल्याच आठवड्यात तिकडे एक नंबरला. म्हणजे बघणारे होते, दाखवणारे गप्प बसले होते. काका म्हणाले, "ते दोन वर्षं थांबू शकतात, चिरंजीव, माझं व्याज चालू आहे." सहा लाख टाकले होते त्यांनी, तेही पुतणीच्या लग्नाच्या आधी.

मग डबिंग. इथे मी पहिल्यांदा बघितलं की पिक्चर अडतो तो कशाकशात. हिंदी करायचा तर बाहेरून एक वेगळा ट्रॅक लागतो ज्यात फक्त म्युझिक आणि बाकीचे आवाज, बोलणं नाही. एम अँड ई म्हणतात त्याला. तो आला, पण अर्धवट. जिथे जिथे हिरो मारताना ओरडतो तिथे ओरडणं आणि ठोसा एकाच ट्रॅकवर, म्हणजे थाई आवाज काढला की ठोसाही गेला. माणूस उडून भिंतीवर आदळतोय आणि आवाज शून्य! काकांनी मला अंधेरीला पाठवलं बघायला की काम खरंच चालू आहे का नुसते फोनवर हो हो करतायत. तिथे एका काचेच्या खोलीत एक माणूस पडद्याकडे बघत जुन्या लेदरच्या जॅकेटवर बुक्के मारत होता, आणि हाड मोडायचा सीन आला की टोपलीतलं गाजर उचलून माईकजवळ काडकन मोडायचा. एका फाईटला दीड दिवस गेला. संध्याकाळी जाताना त्याने उरलेली गाजरं पिशवीत घातली, म्हणाला घरी हलवा होईल.

त्यानंतर सेन्सॉर. हिंदी डब केलेल्या पिक्चरला वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि मुंबईवाल्यांना यू/ए च पाहिजे होतं, कारण ए मिळालं की टीव्हीवर जात नाही आणि त्यांचे खरे पैसे टीव्हीत, आमच्यासारख्यांच्या टॉकीज म्हणजे त्यांच्यासाठी टीव्हीवाल्यांना दाखवायची पाटी. मग गळ्यावरची सुरी गेली, डोळ्यातली काडी गेली. वर सिगरेटची पट्टी. व्हिलन सगळा वेळ चिरूट ओढतो, त्यामुळे धुराच्या प्रत्येक सीनखाली ती धूम्रपानाची सूचना. बँकॉकच्या लॅबने मेलमधे विचारलं होतं की ही ओळ म्हणजे गाण्याचे शब्द आहेत का. हसू नका, याच पट्टीवरून अमेरिकन डायरेक्टर वुडी ॲलनने २०१३ मधे आपला पिक्चर भारतात लावूच दिला नव्हता.

बँकॉकची लॅब यात आली कशी, तर विकणाऱ्याला मूळ माल हातचा सोडायचा नव्हता. अशा सौद्यात सुरवातीला थोडा ॲडव्हान्स आणि बाकीचे माल तयार झाला की, आणि मुंबईवाल्यांची ती बाकी महिनोन् महिने लटकत होती. म्हणून हिंदी आवाज आणि कटची यादी इथून तिकडे गेली, पिक्चर तिथेच बनला, लॉक होऊन हार्ड डिस्कवर इकडे आला, आणि चाबी त्यांच्याचकडे. चाबी म्हणजे केडीएम, एक छोटीशी फाईल, तुमच्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही लहान. ती एकाच सर्व्हरवर चालते, त्या सर्व्हरचा जो नंबर असेल त्यालाच बांधलेली, आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच. शेजारच्या टॉकीजची चाबी इथे चालत नाही.

तर ते लाल कुलूप.

मी पहिल्यांदा काय केलं तर मुंबईला फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. तुमच्या फॉरेनवाल्यांनी चुकीची चाबी पाठवलीय, आमचे शो गेले तर कोण भरणार वगैरे. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली सर, उज्जैनला लागलाय, रतलामला लागलाय, तुम्ही जो नंबर पाठवला तोच आहे, चेक करा. मी खिशातून आमच्या सर्व्हर-नंबरांच्या रजिस्टरची झेरॉक्स काढली आणि चाचांना म्हटलं तुमचा नंबर वाचा. चाचा वाचत गेले, मी बघत गेलो. पहिले चार आकडे जुळले. पुढचा एकही नाही.

चाचांनी चष्मा काढला. "जून में बिजली गिरी थी ना, कारड जल गया था. नया डला है. आपको बोला तो था."

बोलले होते. खरंच बोलले होते, तेव्हा मी खाली जिन्यात उभा राहून भोपाळच्या कुणाशी तरी फोनवर बोलत होतो आणि हाताने हो हो केलं होतं. कार्ड बदललं तसा नंबरही बदलला, रजिस्टरमधे मात्र जुनाच राहिला, मुंबईला तोच गेला, तिथून बँकॉकला तोच. सहा महिने मी ज्यांना शिव्या देत होतो ते सगळे त्या दिवशी बरोबर होते.

काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बरं. आता काय करतोस?"

खाली मॅनेजरने तोवर जुना साऊथचा डब पिक्चर लावून टाकला होता आणि ज्यांना नको त्यांना पैसे परत. बरेच जण बसूनच राहिले, पावसात कुठे जाणार. पण एक गट बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिला. कराटे क्लासची पोरं, बावीस जण, आणि त्यांचे सर, पन्नाशीचे, पांढरी मिशी, हातात छत्री. राजेंद्रनगरहून सिटी बसने आले होते. मराठीच निघाले. मला म्हणाले, "अहो, हा हिरो आम्ही वर्षभर मोबाईलवर बघतोय, पोरांना म्हटलं एकदा मोठ्या पडद्यावर पाय कसा उचलतो ते बघा. तीनच्या शोला लागेल का?" मी म्हटलं लागेल सर. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

नवी चाबी म्हणजे परत सगळी साखळी. मी मुंबईला नवा नंबर पाठवणार, मुंबई विकणाऱ्याला मेल करणार, तो हो म्हणणार, मग लॅब बनवणार. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तिकडे दोन वाजत आलेले. आणि तिथे तेव्हा १२ ऑगस्टला राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असायची, त्या वर्षी बारा तारीख रविवारी आली म्हणून सोमवारीही सुट्टी, म्हणजे शुक्रवारी दुपारपासून अर्धं ऑफिस गावाला निघालेलं. लॅबकडून उत्तर आलं ते आपोआप येतं तसलं, आम्ही मंगळवारी १४ तारखेला उघडू. आमचा पिक्चर बुक होता तोच मुळी १४ पर्यंत, कारण बुधवारी १५ ऑगस्टला दोन मोठे हिंदी पिक्चर येत होते आणि त्यांच्यासमोर आमच्या थाई पोराला कोण विचारतो.

तीनचा शो गेला. व्हरांड्यात सरांनी पोरांना पोहे खाऊ घातले, वर शेव, जिरावण, आणि जागा होती तेवढ्यात दोघा दोघांना उभं करून तो हिरोचा गुडघा शिकवायला घेतला. तिकीट खिडकीतला माणूस बाहेर येऊन बघत होता. मी तिथून चारदा गेलो आणि चारही वेळा सर नुसते बघायचे, विचारायचे नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. सहाचा शोही गेला. साडेसहाला सर म्हणाले पोरांच्या घरून फोन येतायत, निघतो.

मुंबईची ती मुलगी मात्र लागूनच होती. विकणाऱ्याची परवानगी तिने चार वाजताच मिळवली होती पण लॅबमधे कोणी नाही, मग तिने जुन्या मेलांच्या खाली सही असते ना तिथून एकीचा नंबर काढला आणि व्हॉट्सॲप केलं. ती बाई बसमधे होती, गावी चाललेली. तिने म्हणे मधेच उतरून कुणाला तरी फोन केला, रात्रपाळीच्या पोराला उठवलं, त्याने बनवली. तिचं नाव मला आजपर्यंत माहीत नाही. आठ चाळीसला फाईल आली. मी पेन ड्राईव्ह घेऊन जिना असा चढलो की दुसऱ्या वळणावर गुडघा फुटला.

चाचांनी पेन ड्राईव्ह लावला. कुलूप हिरवं झालं. चाचा काही बोलले नाहीत, नवं पान लावायला घेतलं.

नऊच्या शोला चौऱ्याहत्तर लोक. मी मागे उभा राहून बघितला. पहिला ठोसा पडला आणि ते जॅकेट, ते गाजर, सगळं त्या जुन्या हॉलमधे असं दणकन वाजलं की पुढच्या रांगेतून शिट्टी आली, आणि मला हसू आवरेना.

रात्री ऑफिसला येऊन डीसीआर भरला, दिवसाच्या कलेक्शनचा रिपोर्ट. तीन रकान्यांत शून्य आणि चौथ्यात चौऱ्याहत्तर. काका जागेच होते. मी स्वतःहून सगळं सांगितलं, जिन्यातलं हो हो सकट. पुढे हिशोब झाला तेव्हा सहा लाखातले दोन-सव्वादोन परत आले. त्यात माझ्या तीन शोंचा वाटा किती ते काकांनी कधी काढलं नाही, मीच काढला.

एक मात्र सांगतो, तेव्हापासून कुठला पिक्चर अडकला असं ऐकलं की मी आधी रजिस्टर उघडतो. २०२४ मधे देव पटेलचा मंकी मॅन आला, आपल्याच इकडची गोष्ट, शूटिंग बरंचसं इंडोनेशियात, अमेरिकेत ५ एप्रिलला लागला आणि आपल्याकडे टॉकीजला आलाच नाही. भाचा मला तावातावाने सांगत होता कोणी दाबला, का दाबला. असेल, त्यात मोठी कारणं असतील. मी ऐकत होतो आणि डोक्यात आपलं चाललेलं की या साखळीत कोणकोण कोणाच्या मेलची वाट बघत बसलं असेल.

हां, सर. रविवारी बाराला ते परत आले, बावीसच्या बावीस पोरं घेऊन, आणि खिडकीवर मॅनेजरशी वाद सुरू. तिकीट ऐंशीचं, सर म्हणाले आम्ही शुक्रवारी साडेसहापर्यंत उभे होतो, पोरांना साठ लावा. मॅनेजर म्हणतो डिस्ट्रीब्यूटरला विचारा. मी काकांना फोन लावून दिला. पलीकडून काका म्हणाले, "दे सवलत. विसाप्रमाणे बावीस तिकिटांचे किती होतात?"

मी म्हटलं चारशे चाळीस.

"भर मग."

भरले. संध्याकाळी डीसीआरच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं, चिरंजीवांकडून रु. ४४० रोख जमा.