रीलस्टारवर थरारकथा लिहिली, त्याचा माझा अनुभव

यंदा एका दिवाळी अंकासाठी मी दीर्घकथा लिहिली, विषय सोशल मीडियावरची प्रसिद्धी आणि त्या प्रसिद्धीपायी मागे लागणारी माणसं. लिहिताना काय काय शोधावं लागलं, कुणाला विचारलं, कुठे अख्खी कथाच वळली ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण हा विषय घेऊन लिहू बघणारे मराठीत बरेच जण आहेत आणि प्रत्येकाने पहिल्यापासून तेच खोदत बसायची गरज नाही.

नायिका पहिल्यापासून डोक्यात पक्की होती. कल्याणी, कराडजवळच्या गावातली, नऊवारी नेसून प्रीतिसंगमावर रील करणारी, वय बावीस. तिची भीती कशाची ते मात्र शोधावं लागलं. ते सापडलं 2020 सालच्या एका घटनेत. 29 जूनला सरकारने टिकटॉकसकट 59 ॲप बंद केली आणि गावागावातल्या किती पोरापोरींचे फॉलोअर एका रात्रीत गेले, पुढच्या दोन आठवड्यांच्या आत इन्स्टावर रील्स आलं आणि सगळ्यांनी परत शून्यापासून सुरू केलं. कल्याणी तेव्हा बारावीत होती. हे सगळं एका रात्रीत जाऊ शकतं हे तिने एकदा बघितलंय, म्हणून पुढे ती जे जे गुपचूप सहन करते ते वाचकाला पटतं. माझ्या मते या विषयावरच्या कथेत हा पाया आधी घालायलाच हवा, नाहीतर वाचक म्हणतो मग अकाउंट डिलीट कर की बाई, आणि कथा तिथेच संपते.

आता खलनायक. ज्याला विषय सांगितला त्याने हॅकर सुचवला. अंधारी खोली, हिरवी अक्षरं, टोपी घातलेला मुलगा. पण ज्या मुली खरंच रील करतात त्यांच्याशी बोलायला लागले तेव्हा एकीने फार साधा प्रश्न विचारला, ताई खातं कुणाच्या नंबरवर आहे ते ठरवलंय का? त्या प्रश्नाने कथा उभी राहिली. सुरुवातीला मुलीकडे स्वतःचा फोन नसतो, मग फोटो स्टुडिओवाला दादा नाहीतर चुलत भाऊ त्याच्या ईमेलवर, त्याच्या नंबरवर पेज काढून देतो, फॉलोअर वाढले की तोच कोलॅब आणतो, तोच स्वतःला मॅनेजर म्हणवायला लागतो. चेहरा हिचा आणि पासवर्ड त्याचा. भांडण झालं की हिला आत जाता येत नाही आणि तिकडे हिच्याच नावाने स्टोरी पडत राहतात, लोक लाइक करत राहतात, हिला ओरडून सांगायला जागाच नाही कारण सांगायची जागा म्हणजे तेच पेज. मला हे कुठल्याही हॅकरपेक्षा जास्त भयंकर वाटलं, अजूनही वाटतं.

पहिला धागा मला टॅक्समध्ये मिळाला. 1 जुलै 2022 पासून 194आर नावाचं कलम लागू झालं, कंपनीने इन्फ्लुएन्सरला वर्षात 20,000 रुपयांच्या वर वस्तू किंवा फायदा दिला तर त्यावर 10 टक्के टीडीएस. फोन दिला, दागिने दिले आणि ते ठेवून घेतले, तरी लागतो. तर कल्याणीचा पॅन मॅनेजरने सगळ्या ब्रँडना दिलेला, माल मात्र त्याच्या घरी उतरायचा. तिचे वडील तिला घेऊन सीएकडे जातात, सीए 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा तक्ता, उघडतो आणि विचारतो, हे एवढे फोन आणि सोनं कुठंय? वडील मुलीकडे बघतात, मुलीला काहीच माहीत नाही. खून नाही, रक्त नाही, एक सरकारी तक्ता आणि ऑफिसातला पंखा, तरी जिने जिने वाचलं तिने हाच प्रसंग अंगावर आला म्हणून सांगितलं.

पोलिसांचा भाग आमच्या सोसायटीतल्या निवृत्त पीआय काकांना वाचायला दिला. माझ्या मसुद्यात तपास एका तडफदार तरुण पीएसआयकडे होता. काका पहिल्या पानावरच थांबले, म्हणाले, "अगं, आयटी ॲक्टचा तपास इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी करत नाही, कलम 78 बघ." बघितलं, तसंच आहे. मग तो तडफदार तरुण गेला आणि त्याच्या जागी गणपतीच्या बंदोबस्तात अडकलेले, दोन वर्षांवर निवृत्ती आलेले पीआय आले, आणि कथा एकदम माणसांत आली. कथेची तारीख 2024 च्या गणपतीतली, म्हणजे 1 जुलैनंतरची, त्यामुळे आयपीसी नाही तर भारतीय न्याय संहिता. खंडणीला 384 च्या जागी 308, पाठलागाला 354ड च्या जागी 78. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर जुनं 65ब चं प्रमाणपत्रही गेलं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. थरारकथेत कलमं कशाला असं काही जण म्हणाले, मला पटत नाही. पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेल्या मुलीला हीच सगळी अक्षरं समोर दिसतात आणि एकही कळत नाही, ती घुसमट वाचकापर्यंत न्यायची तर अक्षरं बरोबर हवीत.

सगळ्यात आवडती गोष्ट मला काकांनी बोलता बोलता दिली. इन्स्टाच्या कंपनीकडून लॉगिनचा रेकॉर्ड मागवला की त्यातली वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या साडेपाच तास मागे. मी अक्षरशः उठून उभी राहिले. मॅनेजरची ॲलिबी अशी आहे की दुपारी तो साताऱ्यात लग्नात होता, अख्ख्या मांडवाने बघितलंय, व्हिडिओ आहे. रेकॉर्ड म्हणतो 15:40. सगळे धरून चालतात की दुपारचे 3:40, म्हणजे हा सुटला. आणि मग पीआयसाहेब रात्री चहा घेता घेता साडेपाच तास मिळवतात, 21:10, त्या वेळी तो घरी एकटा. रहस्यकथेची उकल इतकी साधी आणि इतकी खरी मिळणं हे भाग्यच. आयपी ॲड्रेसवरून मात्र थेट घर सापडतं असं दाखवायचं टाळलं, मोबाइल नेटवर एकच आयपी एका वेळी खूप ग्राहक वापरत असतात, पोर्ट नंबर आणि नेमकी वेळ असल्याशिवाय मोबाइल कंपनीला माणूस सांगता येत नाही. तपास लांबतो तो असा, आणि तो लांबलेला वेळच कल्याणीला खात जातो.

दुसऱ्या अर्ध्या भागाला घड्याळ हवं होतं. मॅनेजर तिचे मॉर्फ केलेले फोटो टाकायला लागतो तिथे ते मिळालं. 2021 च्या आयटी नियमांत तेव्हा असं होतं की अशा फोटोची तक्रार त्या व्यक्तीने केली की प्लॅटफॉर्मने 24 तासांत काढायचं. मग मी तो सगळा भाग त्या 24 तासांतच बसवला, तासागणिक. सायबर पोर्टलवर तक्रार करताना तिला दोन वाटा दिसतात, नाव न देता किंवा नाव देऊन ट्रॅक करता येईल अशी, आणि घरच्यांना कळू नये म्हणून तिचं बोट पहिल्यावर जातं. तिथे मी खूप रेंगाळले. आई शेजारच्या खोलीत गौरीचं आवरतेय, फोनचा ब्राइटनेस कमी केलाय, आणि ही ठरवतेय की आपलं नाव टाकायचं की नाही. नंतर अकाउंट परत मिळवण्यासाठी व्हिडिओ सेल्फी द्यायचा प्रसंग येतो, फोन सांगतो डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा, ज्या चेहऱ्यावर लाखभर लोक कमेंट करतात तो चेहरा आपलाच आहे हे तिला एका मशीनला पटवायचंय. हा परिच्छेद मी परत परत लिहिला, आणि संपूर्ण कथेत मला तोच सगळ्यात जवळचा आहे.

मसुदा झाल्यावर रील करणाऱ्या त्याच मुलीला वाचायला दिला. तिने फक्त दोन गोष्टी बदलायला लावल्या. एक म्हणजे कल्याणी लगेच रडायची, ती म्हणाली नाही ताई, आधी ती बघेल किती जणांनी बघितलं, कुणी कुणी बघितलं, मामाने बघितलं का, रडणं फार नंतर. दुसरं, आईला वाईट दाखवू नका, आईला नुसतं कळत नसतं. दोन्ही बरोबर होतं. आई बदलली तेव्हा शेवटही बदलला, आता आई तिच्याबरोबर स्टेशनला जाते, काही बोलत नाही, पण फॉर्मवर तक्रारदाराच्या नावाखाली पत्ता तीच सांगते, खणखणीत आवाजात.

संपादकांना पहिल्या पानावर मृतदेह हवा होता. मी विनंती केली की आधी सीएच्या ऑफिसचा प्रसंग वाचा आणि मग ठरवू. त्यांनी वाचला आणि मृतदेहाचा विषय परत निघाला नाही. शब्द मात्र बरेच कापावे लागले, मॅनेजरचं बालपण पूर्ण गेलं, त्याचं मला दुःख नाही, मुलीला त्रास देणाऱ्याला एवढी पानं कशाला.

प्रुफं आली तेव्हा मुद्रितशोधकांनी 15:40 च्या जागी सगळीकडे "दुपारी 3:40" केलं होतं, त्यांच्या दृष्टीने बरोबरच, अंकाची तशी पद्धत आहे. पण ती एक दुरुस्ती राहिली असती तर अख्खं रहस्य गेलं असतं. मी लगेच फोन लावला, साडेपाच तासांचं गणित समजावलं, पलीकडून ते म्हणाले, "अहो थांबा, म्हणजे त्या वेळी तो लग्नात नव्हताच?" आणि मग त्यांनी स्वतः एकेक जागा शोधून आकडे पूर्ववत केले, तेव्हा कुठे फर्मा छपाईला गेला.